सोलापुरात नवीन आलात? उन्हाळा लागायच्या आत मुलांना घेऊन शनिवार-रविवार रानात असा काढा

चार वर्षांपूर्वी ह्यांची बदली सोलापूरला झाली. माझं सगळं आयुष्य चिपळूणला गेलेलं, त्यामुळे सहल म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर दाट झाडं, ओढा आणि जेवणानंतर चटईवर आडवं होणं एवढंच यायचं. पहिल्या वर्षी मार्चच्या शेवटच्या रविवारी आम्ही पाच जण सकाळी साडेदहाला गाडीत बसलो. मी पहाटे चारला उठून पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात आणि शिरा केला होता. माळावर पोचेपर्यंत साडेअकरा झाले. सावलीला म्हणून एक बाभूळ होती आणि तिची सावली तिच्याच बुंध्याभोवती गोळा झालेली. धाकटा तेव्हा पाच वर्षांचा. अर्ध्या तासात त्याचा चेहरा लालबुंद झाला, मग त्याला उलटी झाली आणि आम्ही तसेच घरी परतलो. मसालेभात डब्यातच आंबला. रात्री भांडी घासताना लक्षात आलं की अख्ख्या दिवसात मी शंभर पावलंसुद्धा चालले नव्हते.

त्यानंतर दर वर्षी आम्ही बाहेर पडतोय, चुकांतून शिकत. हा लेख नव्याने आलेल्या घरांसाठी आहे, त्यातही घरातल्या आईसाठी. मुलं रानात पळावीत हे सगळ्यांनाच वाटतं. पण त्या दोन दिवसांत आईनेही चालावं, बघावं, दमून गाढ झोपावं, याची सोय आधीच लावावी लागते. ती कशी लावायची ते खाली क्रमाने सांगते.

१. आधी महिना ठरवा, मग वेळ, जागा सगळ्यात शेवटी

पंचांगात वसंत चैत्र-वैशाखात येतो. सोलापुरात चैत्र लागला की पारा चाळिशीच्या आसपास असतो. आपल्याला मिळणारा वसंत माघ-फाल्गुनातला. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा ते मार्चचा दुसरा आठवडा, हा महिना धरून ठेवा. या दिवसांत पहाटे अजून स्वेटर लागतो, पळस फुललेला असतो, काटेसावरीवर मैनांचा गोंगाट असतो, शेतात ज्वारी काढणीला आलेली असते आणि थंडीला आलेले पाहुणे पक्षी अजून परत गेलेले नसतात. मुलांची वार्षिक परीक्षाही तोंडावर आलेली नसते.

मग वेळ. आमच्या शेजारच्या काकूंनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, "दहाच्या पुढं गुरं बी सावलीला येतात की वो, तुम्ही लेकरं घेऊन कुठं निघालाव?" मी तेव्हा ऐकलं नाही. आता आमच्या घरात दिवसाचे दोनच तुकडे आहेत: पहाट ते दहा आणि पाच ते अंधार. फेब्रुवारीअखेर सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो, म्हणजे घरातून साडेपाच-पावणेसहाला निघायचं. दहा ते पाच घरात: पडदे ओढून, पंखा लावून, झोप. दुपारची ही झोप ठरवून घ्या. ती घेतली नाही तर संध्याकाळी मुलं किरकिरतात आणि मोठी माणसं एकमेकांवर ओरडतात.

आठवडाभर आधी एक सराव फेरी मारा. विजापूर रस्त्यावरचा संभाजी तलाव त्यासाठी चांगला. जुने लोक त्याला कंबर तलाव म्हणतात. नवीन बूट कुठे चावतात, मूल किती वेळात "उचलून घे" म्हणतं, दुर्बीण कुणाकडे दिली की भांडण होतं, हे सगळं तिथेच कळतं. माझा अनुभव असा की सहा-सात वर्षांचं मूल मध्ये थांबत थांबत तीन-चार किलोमीटर आरामात चालतं. त्याच्या पुढे ओढू नका.

२. शुक्रवारी रात्री वाटणी

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त वगळली जाणारी. "तू फक्त सांग, आम्ही करू" असं घरचे म्हणतात, पण सांगणं हेच मोठं काम असतं, आणि तेही आईकडेच राहतं. म्हणून मी एक कागद लिहून फ्रिजवर लावला. चार वर्षं तोच कागद आहे, हळदीचा डाग पडलेला.

गाडी, पेट्रोल, टायरची हवा, रस्ता आणि चौकशीचे फोन ह्यांच्याकडे. पाणी थोरलीकडे: बाटल्या तिनेच भरायच्या, तिनेच मोजायच्या. टोप्या, मोजे, बूट धाकट्याकडे, घरातल्या सगळ्यांचे. सासूबाई औषधांची पिशवी बघतात, आणि त्यांच्याइतकी नीट ती कुणाला जमत नाही. माझ्याकडे खाणं. तेही कसं, ते पुढे सांगते.

पहिल्या वेळेस धाकटा माझाच एक मोजा विसरला. मी त्या दिवशी एका पायात त्याच्या बाबांचा मोजा घालून चालले. त्याला रागावले नाही आणि पुढच्या वेळेसाठी ते काम त्याच्याकडून काढूनही घेतलं नाही. तेव्हापासून तो मोजे जोडीने गाठ मारून ठेवतो. काम काढून घेतलं असतं तर ते कायमचं माझ्याकडे आलं असतं.

३. खाणं: रांधू नका, सोलापूरचं खा

कोकणातून आले तेव्हा कडक भाकरी हा काय प्रकार आहे ते मला माहीत नव्हतं. पापडासारखी पातळ, चुलीवर पूर्ण वाळवलेली ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी. हातात घेतली की कडकन मोडते. पाणी उरलेलंच नसल्यामुळे दिवसेंदिवस टिकते, उन्हात आंबत नाही, सांडत नाही. बचत गटांच्या बायका ती करतात आणि बाजारात सहज मिळते. तिच्यासोबत शेंगाची चटणी, वरून कच्चं तेल किंवा दही. एवढ्यात न्याहारी होते आणि पहाटे चारला गॅस पेटवावा लागत नाही.

शेंगाची चटणी तिखट आणि खारट असते, मुलं नुसती खात सुटतात आणि मग पाणी पाणी करतात. म्हणून बरोबर काकडी, गाजर आणि द्राक्षं घ्या. या दिवसांत द्राक्षांचा हंगाम भरात असतो. दही न्यायचं तर रात्री उशिरा विरजलेलं घट्ट न्या, त्याच्या आधीचं आठपर्यंत आंबट होतं. घरचंच काही हवं असेल तर शुक्रवारी रात्री दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या किंवा धपाटे करा. दोन्ही दुसऱ्या दिवशी मऊ राहतात. भात, रस्सा, पुऱ्या, शिरा नको.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला गेलात तर रस्त्याच्या कडेला हुरडा किंवा हरभऱ्याचा डहाळा मिळतो. भाजलेल्या कणसातून मळून काढलेला कोवळा, गरम हुरडा मुलांना एकदा तरी खायला घाला. त्यावर पाणी ढोसू नका, ताक प्या, असं इथली माणसं सांगतात आणि आम्ही ते पाळतो. मार्चमध्ये ज्वारी कडक होते, तेव्हा हुरड्याच्या आशेने जाऊ नका.

४. बरोबर काय हवं

कागदपत्रं:
- मोठ्यांचं आधार किंवा दुसरं ओळखपत्र (अभयारण्याच्या फाटकावर नोंद करावी लागते)
- गाडीचा परवाना, विमा, पीयूसी
- एसटीने जाणार असाल तर मुलांच्या वयाचा पुरावा आणि ज्येष्ठांचं आधार

सामान:
- माणशी दोन लिटर पाणी, वर पाच लिटरचा एक कॅन गाडीत
- प्रत्येकाला काठाची टोपी किंवा सुती पंचा
- मातकट, खाकी, फिके हिरवे पूर्ण बाह्यांचे कपडे. पांढरा आणि भडक रंग नको, पक्षी-प्राणी लांबूनच बिचकतात
- जाड पँट, लांब मोजे, बंद बूट
- दुर्बीण, घरात असेल तर. नसेल तर एकच साधी घ्या, आळीपाळीने बघता येतं
- विजेरी (रविवारी तिचं खरं काम आहे)
- चिमटा, डेटॉल, पट्ट्या, ओआरएसची पाकिटं
- कचऱ्यासाठी रिकामी पिशवी

चप्पल घालून माळावर जाऊ नका. सराट्याचे काटे चपलेच्या तळव्यातून आरपार जातात. आणि सायकल न्यायचा विचार असेल तर तो सोडून द्या. सराट्यांमुळे आमच्या दोन ट्यूब एकाच सकाळी गेल्या होत्या.

५. शनिवार पहाट: नान्नजचा माळ

सोलापुरातून बार्शी रस्त्याने साधारण वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये हे अभयारण्य जाहीर झालं. आदल्या दिवशी वन खात्याकडे फोन करून फाटक किती वाजता उघडतं, शुल्क किती आणि आत कुठपर्यंत जाता येतं ते विचारून घ्या. नियम मधून मधून बदलतात. कुणी जुनं ऐकलेलं सांगितलं तर त्यावर विसंबू नका.

एक गोष्ट मुलांना निघायच्या आधीच सांगा: माळढोक दिसणार नाही असंच धरून चाला. हा मीटरभर उंचीचा, भारतातल्या सगळ्यात जड उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक. आज देशभरात तो फारच थोडा उरलाय आणि महाराष्ट्रात तर दर्शन म्हणजे नशीब. बहुतेक वेळा मादी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. माळ नांगरला गेला, चराई वाढली, कुत्री वाढली, विजेच्या तारा आल्या. त्यांना धडकूनही हे पक्षी मरतात. धाकट्याला हे सांगितलं तेव्हा त्याने विचारलं होतं, "मग आपण कशाला जायचं?" त्या प्रश्नाचं उत्तर माळावरच मिळतं, घरात सांगून पटत नाही.

कारण माळ रिकामा नसतो. मागच्या वर्षी आम्ही गाडी लावून रक्षकाच्या मागून पायवाटेने निघालो. गवत वाळून सोनेरी झालेलं, त्याच्या टोकांवर दव. दहा मिनिटं काहीच दिसलं नाही. मग थोरलीने माझा दंड घट्ट दाबला. दोनशेएक पावलांवर एक काळवीट उभं होतं: पाठ गडद काळी, पोट पांढरं, शिंगं पिळदार, आणि तोंडातून वाफ. काळवीट नर आपल्या हद्दीत लेंड्यांचा ढीग ठरवून ठेवतो आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो, हे रक्षकाने हळू आवाजात सांगितलं. त्याच्या पलीकडे बदामी रंगाच्या सात माद्या चरत होत्या. एका मादीने मान वर केली, आणि काय झालं कळायच्या आत सगळा कळप उड्या मारत निघाला, चारही पाय एकदम जमिनीवरून उचलत. धाकटा तोंड उघडं टाकून बघत राहिला. मीही. माझ्या खांद्यावर एकही पिशवी नव्हती.

याशिवाय चंडोल, माळटिटव्या, धाविक आणि थंडीला आलेले भोवत्ये दिसतात. भोवत्या हा शिकारी पक्षी गवताच्या अगदी वरून, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे धरून तरंगत जातो. मध्य आशियाच्या बाजूने आलेले हे पक्षी मार्चमध्ये परतीला लागतात. नशीब असेल तर लांडगा किंवा खोकड. लांडगा दिसला तर पळू नका, आरडाओरडा करू नका, तो स्वतःच निघून जातो.

इथले सापळे:

पायवाट सोडू नका. टिटवी, चंडोल, धाविक यांची अंडी जमिनीवरच असतात, खड्यांच्या रंगाची, आणि मार्चपासून विणीचा काळ लागतो. एका पावलाखाली अख्खं घरटं जातं. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली तर समजा, घरटं जवळ आहे. आल्या पावली मागे फिरा.

दगड उचलून बघायची मुलांना फार हौस असते. विंचू नेमके तिथेच असतात. बसण्याआधी जागा काठीने बघून घ्या.

काही लोक मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावून पक्षी जवळ बोलावतात. विणीच्या काळात हे करणं म्हणजे त्या पक्ष्याला घरटं सोडून भांडायला लावणं. करू नका, कुणी करत असेल तर रक्षकाला सांगा. जखमी प्राणी दिसला तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक लावा, स्वतः हात लावू नका.

नऊला न्याहारी, साडेनऊला गाडीत. अजून थोडं थांबू या, असं सगळ्यांनाच वाटतं. तरी थांबू नका.

६. शनिवार संध्याकाळ: भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तळं

ही संध्याकाळ सोपी ठेवा. सासूबाईंना पहाटेचं चालणं झेपत नाही, म्हणून ही फेरी त्यांच्या सोयीने. किल्ला आधी, म्हणजे उजेडात तट-बुरूज बघता येतात. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, फाटकाची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. नाव भुईकोट, म्हणजे चढण नाही. लहान मुलं आणि गुडघेदुखीवाले दोघांनाही जमतो. तटाच्या कडेला मात्र कठडा सगळीकडे नाही, तेव्हा लहान मुलाचा हात सोडू नका. बुरुजात आग्यामोहळ दिसलं तर तिथून शांतपणे बाजूला व्हा. दगड, धूर, फटाका काही नको.

मग शेजारी तळ्यामधलं सिद्धेश्वर मंदिर. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. हे तळं त्यांनीच लोकांच्या श्रमातून खोदवलं, असं इथे मानतात. सासूबाई आत बसतात, आम्ही चौघं काठाने फिरतो. परतताना मुलांना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी थांबवा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्यात फाशी दिली. नवीन शहर आपलं व्हायला अशी चार नावं पाठ असणं उपयोगी पडतं.

घरी येऊन खिचडी. भांडी कुणी घासायची, तेही फ्रिजवरच्या कागदावर लिहिलेलं असावं.

७. रविवार सकाळ: हत्तरसंग कुडल

लेखातली ही माझी सगळ्यात आवडती जागा. शहराच्या दक्षिणेला, विजापूर रस्त्याने जाऊन आत वळायचं, सगळं मिळून चाळीसेक किलोमीटर. आतला रस्ता शेतांमधून जातो, वळणावर नकाशापेक्षा माणसांना विचारा. "कुडल संगम" म्हटलं की कुणीही सांगतं. गावांमध्ये कन्नड आणि मराठी दोन्ही चालतं. "संगमक्कं कसं जायचं" असं अर्धंमुर्धं कन्नड जोडण्यापेक्षा हसून सरळ मराठीत विचारलेलं बरं, उत्तर प्रेमाने मिळतं.

इथे सीना भीमेला मिळते. काठावर दोन जुनी देवळं: संगमेश्वर आणि हरिहरेश्वर. हरिहरेश्वराचं देऊळ बराच काळ मातीखाली होतं, १९९९ मध्ये ते उकरून मोकळं केलं. तिथलं बहुमुखी शिवलिंग मुलांना मोजायला सांगा: एकाच दगडात ३५९ मुखं कोरलेली आहेत. आमची मोजणी कधीच पुरी होत नाही, पण धाकटा ओळी धरून बोटाने हवेत मोजत राहतो आणि अर्धा तास तो जागचा हलत नाही.

संगमेश्वराच्या देवळात तुळईवर एक शिलालेख आहे, शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८. मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. सोलापूरचे शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. लेखातली मराठी ओळ अशी: "वाछि तो विजेया होईवा." जो वाचील तो विजयी होईल.

आता विजेरीचं काम. अक्षरं झिजलेली आहेत, समोरून प्रकाश टाकला तर दगड नुसता पांढरा दिसतो. विजेरी बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटवून तिरपी धरा. प्रत्येक खाचेत सावली भरते आणि अक्षरं वर येतात. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा थोरली नववीत जायची होती, मराठीच्या पेपरवर रागावलेली. मी विजेरी धरली आणि तिने मान वर करून, एकेक खाच लावत, "वा... छि... तो..." वाचलं. "छि" पाशी ती अडली, मग म्हणाली, "आई, हे वाची आहे." हजार वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेलं माझ्या मुलीने वाचलं. मी बराच वेळ काही बोलले नाही. माझा हात दुखायला लागला तरी विजेरी खाली घेतली नाही.

अक्षरं स्पष्ट दिसावीत म्हणून त्यावर खडू, कुंकू, तेल किंवा पाणी लावू नका. बोटही फिरवू नका. दगडाचा थर सुटतो आणि त्याबरोबर अक्षर जातं.

नदीबद्दल नीट ऐका. उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी संथ आणि उथळ दिसतं, म्हणून लोक मुलांना उतरवतात. पण सोलापूर शहराच्या पिण्यासाठी आणि शेतीसाठी उजनी धरणातून भीमेत पाणी सोडतात. पाऊस नसताना, निरभ्र आकाश असताना पातळी वाढू शकते. शिवाय संगमावर गाळ असतो, पाय आत रुततो, आणि वाळूचे खड्डे वरून दिसत नाहीत. आमचा नियम: घोट्याच्या वर पाणी नाही, आणि एक मोठं माणूस फक्त मुलांकडे बघत काठावर उभं. फोन खिशात. तास वाटून घ्या, एक तास ह्यांचा, एक माझा. माझा तास संपला की मी काठाने लांबपर्यंत एकटी चालून येते. पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात, खंड्या पाण्यावर सूर मारतो.

गावात पाणी-चहा मिळेल या भरवशावर जाऊ नका. सगळं घरून न्या. दहाला निघालात तर अकरापर्यंत घरी.

८. गाडी नसेल तर

बार्शीकडे जाणाऱ्या एसटीने नान्नजला उतरता येतं, पण अभयारण्याचं फाटक थांब्यापासून लांब आहे, पुढची सोय आदल्या दिवशीच बोलून ठेवा. एसटीत १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना निम्मं तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं, पाचच्या आतल्यांना तिकीट नाही. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं, ७५ च्या पुढे मोफत, आधार दाखवून. म्हणजे आई, आजी, दोन मुलं असा प्रवास खूप स्वस्तात होतो. कुडल संगमाला मात्र एसटीच्या वेळा पहाटेला जुळणं अवघड. दोन घरं मिळून एक जीप ठरवा. वडाप, म्हणजे माणशी भाडं घेणारी जीप, स्वस्त पडतं, पण ते भरल्याशिवाय हलत नाही, आणि आपली पहाट त्यातच जाते.

९. ऊन लागलंच तर

मूल अचानक गप्प झालं, चेहरा लाल, डोकं दुखतंय, मळमळतंय असं म्हणालं, की सहल तिथेच थांबवा. आमच्या वेळी ही सगळी लक्षणं दिसत होती आणि मी "अजून पाच मिनिटं" म्हणत राहिले. सावलीत झोपवा, बूट-मोजे काढा, पंचा भिजवून मान, काखा आणि जांघेत ठेवा, वारा घाला. घोटघोट ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर त्रास वाढतो. मूल गुंगीत असेल, बडबडत असेल किंवा अंग तापलेलं असेल तर तोंडात काही घालू नका, अंग गार करत राहा आणि १०८ लावा. मोठ्यांनाही हेच लागू. आई सगळ्यांना पाणी देते आणि स्वतः प्यायची विसरते, म्हणून माझ्या बाटलीची जबाबदारी थोरलीने घेतलीय. दर अर्ध्या तासाने ती बाटली उजेडात धरून किती कमी झाली ते बघते.

१०. या दिवसांत कुठे जाऊ नये

नळदुर्ग. किल्ला फार देखणा आहे, हैदराबाद रस्त्यावर पन्नासेक किलोमीटर. पण लोक ज्यासाठी जातात ते नर-मादी धबधबे बोरी नदीला पाणी असताना, पावसाळ्यात वाहतात. मोबाइलवर फिरणारी चित्रं ऑगस्ट-सप्टेंबरची असतात. मार्चमध्ये मुलांना कोरडी भिंत आणि तापलेला दगड मिळतो. ही सहल श्रावणानंतरसाठी ठेवा.

तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर ही ठिकाणं दर्शनासाठी जा, सुटीच्या दिवशी रांगेत मुलांना उभं करून त्याला मोकळी हवा म्हणू नका.

११. परत आल्यावर

रविवारी दुपारी झोपून उठलात की एक काम राहतं: मोजे. माळावरच्या गवताची कुसळं मोज्यात आणि पँटच्या शिवणीत अडकलेली असतात. तसेच मशीनमध्ये टाकले तर ती घरभरच्या कपड्यांत पसरतात आणि पुढचे आठ दिवस बनियनमधून टोचतात. गच्चीत जुनं वर्तमानपत्र पसरा, सगळ्यांना गोलात बसवा, चिमटा आळीपाळीने फिरवा. सासूबाईंची नजर अजून तल्लख आहे, त्या हाताने काढतात. एका मोज्याला साधारण दहा मिनिटं लागतात. कुसळं वर्तमानपत्रासकट गुंडाळून कचऱ्यात टाका. गच्चीतून खाली झटकली तर ती शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातात.